यादी मिळणार नाही

प्रिय पोरी,

तुझा मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. "नाताळच्या मध्यरात्री चर्चमध्ये मिस्साला गर्दीत उभी असते, सगळी गाणी पाठ आहेत, पण आत काहीच हलत नाही," असं लिहिलंस. खाली लगेच, "नाताळवर वाचण्यासारख्या दहा पुस्तकांची यादी द्या." पहिलं वाक्य मनाला लागलं, दुसऱ्याने डोकं फिरलं. यादी मिळणार नाही. डिसेंबर तोंडावर आलाय, एकच पुस्तक घे आणि मूळ वाच.

बायबलातलं लूकचं शुभवर्तमान. अध्याय एकूण २४. एक तारखेपासून रोज एक वाचलास की २४ डिसेंबरला संपतं. ही काही माझी अक्कल नाही, बऱ्याच घरांत असं वाचतात. पण यातली खरी मेख कोणी सांगत नाही. बाळ दोन तारखेलाच जन्मतं! गव्हाणी, मेंढपाळ, देवदूत, सगळं दुसऱ्या अध्यायात उरकतं. पुढचे तीन आठवडे ते बाळ मोठं होऊन काय बोललं, कोणाच्या पंगतीला बसलं, कोणाच्या डोळ्यांत खुपलं, हेच वाचायचं. २३ तारखेला घरात केकचा वास सुटलेला असेल, बाबा स्टारच्या वायरी जोडत स्टुलावर उभे असतील, आणि तुझ्या हातात क्रूसावरचं मरण असेल. २४ ला रिकामी कबर. त्याच रात्री मिस्साला जा आणि गोठ्यातल्या बाळाकडे बघ. मग मला कळव, आत काही हललं की नाही ते.

"हे लहानपणापासून ऐकलंय सर," म्हणशील. ऐकलंयस, वाचलेलं नाहीस. दारातून हाकलून देणारा धर्मशाळेचा मालक लूकमध्ये दाखव बघू. नाहीच आहे! जागा नव्हती, एवढंच तिथे लिहिलंय. मरियेला घेऊन येणारं गाढवही नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेचे ज्ञानी येतात, पण ते तीन होते असं तो म्हणत नाही, राजे होते असंही नाही. ते गेल्यावर हे कुटुंब रातोरात मिसरला, म्हणजे इजिप्तला पळतं आणि हेरोद राजा बेथलेहेमातले दोन वर्षांच्या आतले मुलगे मारतो. कुठल्या गोठ्यात पाहिलंस हे? देखाव्यासाठी आपण उंट ठेवले आणि निर्वासित गाळले. आणि निळ्या वस्त्रातली, मान खाली घातलेली मरिया पहिल्याच अध्यायात काय गाते ते बघ. सत्ताधीशांना सिंहासनांवरून खाली ओढलं, भुकेल्यांना पोटभर दिलं, श्रीमंतांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं. मूळ वाच, पोरी.

याच हट्टापायी मी एका वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, नाताळच्या नाटिकेतून मालकाचं पात्र काढायला लावलं, तेही ऐनवेळी. संवाद पाठ केलेला मुलगा रडला, त्याच्या आईने माझ्याशी बोलणं टाकलं. सरांनी पोराचा नाताळ घालवला, असं लोक अजून म्हणतात. म्हणोत. पोरगा रडला याचं वाईट वाटतं, पात्र काढलं याचं नाही. मालक स्टेजवर आला की सगळा दोष त्याच्या माथी मारून आपण मोकळे होतो. लूकने दोष द्यायला माणूसच ठेवलेला नाही. बादशहाच्या हुकमाने चाललेल्या नावनोंदणीची गर्दी तेवढी आहे, आणि गर्दीत आपण असतोच.

डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'वरचा सिनेमा आवडतो म्हणालीस. ठीक आहे, पण ते चिमुकलं पुस्तकही मुळातूनच वाच. १९ डिसेंबर १८४३ ला आलं. लिहिणाऱ्याचा बाप कर्जापायी तुरुंगात गेला होता आणि हा बाराव्या वर्षी बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात राबत होता. कंजूष म्हातारा स्क्रूज सुधारला, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. त्याला भेटणाऱ्या नाताळच्या तीन भुतांपैकी मधल्याच्या झग्याखालून दोन खंगलेली पोरं निघतात, मुलगा अज्ञान, मुलगी दैन्य, ती कोणाला आठवत नाहीत. "तुरुंग नाहीत का?" हे स्क्रूजचंच वाक्य भूत तिथे त्याच्या तोंडावर फेकतं. तेवढं पान सावकाश वाच.

आपल्याकडेही तेच. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! मराठीची थोरवी सांगणाऱ्या चार ओव्या मराठी दिनाच्या भाषणात जो तो ठोकून देतो, पुढची ओवी विचारली की घसा खाकरतो. इंग्लंडमध्ये जन्मलेला माणूस गोव्यात बसून ख्रिस्तजन्म आपल्या ओवीत सांगतो, आणि आपण नाताळात इंग्रजी गाण्यांवर डोलतो. संताप येतो मला. मी स्वतः चाळिशीनंतर या वाटेला लागलो, त्याआधीचे नाताळ गोठ्याला बल्ब लावण्यात गेले. तेव्हा कोणी कान धरला असता तर बरं झालं असतं, म्हणून तुझा धरतोय.

भाषा जुनी आहे, अडशील. अडलीस तर मोठ्याने वाच, ओवी कानाने लवकर कळते. माझी प्रत मात्र मागू नकोस, ती मी कोणालाच देत नाही. वाचायची तर इथे वसईला येऊन वाच. २६ नंतर ये, त्याआधी घरात पाहुण्यांची वर्दळ असते. आणि येताना लूक संपवून ये, नाहीतर दारातूनच परत पाठवीन.

तुझा,
सर