बेमबेम देवी यांची कारकीर्द गोलांवरून का मोजू नये?

आपला प्रश्न असा आहे की, ओइनाम बेमबेम देवी या मधल्या फळीत खेळत, सर्वाधिक गोलांचा विक्रमही त्यांच्या नावावर नाही, तरीही भारतीय महिला फुटबॉलचा विषय निघाला की त्यांचेच नाव आधी का घेतले जाते. मी शाळकरी मुलींना फुटबॉल शिकवते आणि हा प्रश्न मला मैदानावरही विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बेमबेम देवी यांचा जन्म 1980 साली इंफाळचा. लहानपणी मुलींचे संघच नसल्याने त्या मुलांमध्ये खेळल्या आणि त्यासाठी त्यांनी बोबो, आमको अशी मुलांची नावेही लावली. 1995 मध्ये मलेशियात झालेल्या आशियाई स्पर्धेत, वयाच्या 15 व्या वर्षी, गुआमविरुद्ध त्या भारताकडून पहिल्यांदा उतरल्या आणि 2016 च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेपर्यंत खेळत राहिल्या. म्हणजे 21 वर्षे. इतका काळ आंतरराष्ट्रीय दर्जाची तंदुरुस्ती टिकवणे कोणत्याही खेळाडूला अवघड असते. बेमबेम यांनी ती अशा काळात टिकवली, जेव्हा देशात महिलांची राष्ट्रीय लीग नव्हती आणि वर्षभरात किती सामने मिळतील हे कुणालाच सांगता येत नव्हते. 2009 मध्ये तर भारतीय महिला संघाने दीर्घकाळ एकही सामना न खेळल्यामुळे फिफाने त्याला क्रमवारीतून वगळले होते. खेळाडू आहे, सराव चालू आहे, पण देशाचा संघच मैदानात नाही, ही अवस्था किती खच्ची करणारी असेल याचा विचार मी अनेकदा करते.

या खंडानंतर जे घडले ते मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचे वाटते. 2010 मध्ये ढाक्यातील दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकले आणि 2010, 2012 व 2014 अशी सलग तीन सॅफ (दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाच्या स्पर्धेची) विजेतेपदे मिळवली. 2003 मध्ये प्रथम कर्णधारपद मिळालेल्या बेमबेम या संघाच्या मधोमध होत्या. 2014 मध्ये त्या मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडूनही खेळल्या. शिलाँगमध्ये 2016 चे दक्षिण आशियाई सुवर्ण जिंकून त्यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला.

आता गोलांविषयी. मधल्या फळीतील खेळाडूचे निम्मे काम चेंडू पायाशी येण्यापूर्वीच झालेले असते. माझ्याकडे बारा वर्षांची एक मुलगी आहे. पास तिच्याकडे निघाला की ती आधी डाव्या खांद्यावरून आणि मग उजव्या खांद्यावरून मागे पाहते. चेंडू पोहोचतो तेव्हा पाठीमागे कोण आहे हे तिला ठाऊक असते, त्यामुळे ती एका स्पर्शात वळते आणि पुढचा पास देते. बाकीच्या मुली चेंडू थांबवतात, मान वर करतात आणि तोवर प्रतिस्पर्धी अंगावर आलेली असते. तिच्या या दोन नजरांची नोंद कोणत्याही गुणफलकावर होत नाही. मधल्या फळीतील खेळाडूला गोलसंख्येवरून जोखणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते.

पोटापाण्याचा भागही सांगायला हवा, कारण पालक मला सर्वांत आधी तेच विचारतात. बेमबेम मणिपूर पोलीस दलात नोकरीला होत्या. त्यांच्यानंतरच्या मिडफिल्डरांपैकी तमिळनाडूची इंदुमती कातिरेसन पोलीस उपनिरीक्षक झाली, तर पश्चिम बंगालची संगीता बासफोर सशस्त्र सीमा बलात आहे. गणवेशाच्या नोकरीनेच या मुलींचे बूट आणि सराव सांभाळला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

राष्ट्रीय लीगचा पहिला हंगाम 2016-17 मध्ये झाला, म्हणजे बेमबेम भारताकडून खेळायच्या थांबल्यावर. तो मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने जिंकला आणि त्या संघाच्या मार्गदर्शक बेमबेमच होत्या. 2017 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलपटूंमध्ये त्यांच्याआधी तो केवळ शांती मलिक यांना, 1983 मध्ये, मिळाला होता. 2020 मध्ये पद्मश्री मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला फुटबॉलपटू ठरल्या.

आणि मधल्या फळीतून गोल हवेच असतील, तर 5 जुलै 2025 चा चियांग माईचा सामना अवश्य पाहा. यजमान थायलंडला भारताने 2-1 असे हरवले आणि पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात प्रथमच जागा मिळवली. भारताचे दोन्ही गोल संगीता बासफोरचे होते.