फोंताइन्यास : कारंजी नव्हेत, झऱ्या

प्रश्न असा आहे : पणजीतल्या जुन्या वाड्याचे, म्हणजे वस्तीचे, नाव कुठे फोंटेनहास, कुठे फोंटेन्हास, तर कुठे फोन्ताईन्हास असे छापलेले दिसते. मराठीत कोणते रूप घ्यावे? 'कारंज्यांचा परिसर' हा अर्थ बरोबर आहे का? आणि पणजीतला 'मळा' नावाचा भाग म्हणजे हाच वाडा का?

आधी अर्थ. पोर्तुगीजमध्ये 'फोंत' म्हणजे झरा, आणि झऱ्याचे पाणी भरता यावे म्हणून बांधून काढलेली जागाही. त्याच कुळातला लघुत्वदर्शक शब्द 'फोंताइन्य', म्हणजे लहानसा झरा. शेवटचा स् अनेकवचनाचा. मराठीत यासाठी तयार जोडी आहेच : झरा–झरी. तेव्हा नावाचा नेमका अर्थ 'झऱ्या'. उसळत्या कारंज्याला पोर्तुगीजमध्ये 'रेपूशु' हा वेगळा शब्द आहे. इंग्रजीतल्या 'फाउंटन'वरून मराठीत येताना झऱ्यांची कारंजी झाली, आणि पर्यटनाच्या पत्रकांतून ती पसरली. हे भाषांतर टाळावेच, कारण त्याने नावामागचे पाणीच नाहीसे होते. आल्तिनोची टेकडी पावसाचे पाणी मुरवते आणि पायथ्याशी सोडते. मळ्याच्या बाजूची 'फोंत फेनिश' ही झर त्याच पायथ्याची. पोर्तुगालातल्या पोर्तो शहरातही फोंताइन्यास नावाचा भाग आहे. म्हणजे नाव पणजीसाठी मुद्दाम घडवलेले नाही, तिकडच्या ग्रामनामांच्या नेहमीच्या साच्यातले आहे.

आता लेखन. चुका तीन ठिकाणी होतात.

पहिली 'ट'ची. पोर्तुगीज त दंत्य आहे, आपल्या 'ताक'मधल्यासारखा. ट इंग्रजीच्या वाटेने आला.

दुसरी 'ते'ची. रोमी लिपीत इथे ए-आय अशी जोडी दिसते, म्हणून 'ते' किंवा 'तै' लिहिले जाते. पण पोर्तुगीजमध्ये एनएचच्या आधी येणारा इ मागच्या स्वरात मिसळत नाही, स्वतंत्र उच्चारला जातो. राणीला 'राइन्य' म्हणतात, 'रैन्य' नव्हे. तसेच हे : फों-ता-इ-न्यास, उच्चाराचे चार तुकडे, आणि आघात 'इ'वर.

तिसरी चूक सर्वात घट्ट रुजलेली : 'न्ह'. एन आणि एच ही दोन अक्षरे मिळून पोर्तुगीजमध्ये एकच तालव्य अनुनासिक लिहिले जाते. आपल्या वर्णमालेतला ञ तो हाच. त्यात ह कुठेच नाही. देवनागरीत त्याला 'न्य' सर्वात जवळचे. 'न्ह' हे उच्चाराचे नव्हे, स्पेलिंगचे लिप्यंतर आहे. गंमत म्हणजे हेच अक्षर गोव्याच्या मराठीत दोन तऱ्हांनी उतरले आहे : आडनावात गुदिन्हो, टेकडीच्या नावात आल्तिनो. आल्तिनो म्हणजे 'छोटीशी उंची', त्यातही तोच लघुत्वाचा प्रत्यय. आडनावे ज्याची तो लिहील तशी ठेवावीत, आल्तिनो इतके रुळले आहे की त्याला हात लावू नये. फोंताइन्यासचे लेखन मात्र अजून स्थिरावलेले नाही, म्हणून तिथे सुधारणेला वाव आहे.

शेवटी स की श? पोर्तुगालच्या उच्चारात इथे श ऐकू येतो, त्यामुळे 'फोंताइन्यश' लिहिणाऱ्याला चूक म्हणता येणार नाही. मजकुरासाठी माझी पसंती स्-ला, कारण लिखित रूपाशी दुवा राहतो आणि वाचकाला नाव लगेच ओळखता येते.

मळा वेगळा. पश्चिमेला आल्तिनो, पूर्वेला ओरेंची खाडी, यांच्यामधल्या पट्टीत फोंताइन्यास. त्याच्या उत्तरेला सांतोमे, दक्षिणेला मळा, जिथे टेकडीवर मारुतीचे देऊळ आहे. बोलताना 'मळा-फोंताइन्यास' अशी जोडी करतात, पण पत्ता सांगताना दोन्ही नावे एकमेकांच्या जागी वापरू नयेत. फोंताइन्यासची वस्ती १८व्या शतकाच्या अखेरीस आंतोनियु जुआंव द सिकैरा यांच्या जमिनीवर उभी राहू लागली. मोझांबिकमध्ये पैसा कमावून ते परतले, म्हणून लोक त्यांना 'मोसमीकार' म्हणत. आपल्या मोसंबीच्या नावातही तेच मोझांबिक आहे. पणजी १८४३ मध्ये अधिकृत राजधानी झाली, त्याआधीच हा वाडा आकाराला येत होता.

रस्त्यांच्या पाट्या वाचताना : 'रुआ' म्हणजे रस्ता. खाडीकाठचा रस्ता 'रुआ द ओरें'. शेवटचा एम म् नव्हे, नुसते अनुनासिक, म्हणून 'ओरेम' नको. '३१ जानेवारी' रस्त्याच्या नावातली तारीख १८९१ची : त्या दिवशी पोर्तोत प्रजासत्ताकवाद्यांचा उठाव झाला होता. तिचा स्पेनपासूनच्या स्वातंत्र्याशी संबंध जोडला जातो, तो चुकीचा. ती तारीख १ डिसेंबर १६४०. पाट्यांच्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांना 'आझुलेजु' म्हणतात. पोर्तुगीजमध्ये 'आझुल' म्हणजे निळा, पण हा शब्द तिथून आलेला नाही. तो अरबी 'अझ्-झुलैज'वरून आला, अर्थ गुळगुळीत केलेला छोटा दगड. त्यामुळे पिवळ्या-हिरव्या फरशीलाही आझुलेजु म्हणायला हरकत नाही.

विभक्ती लावताना मूळ शब्दाला सामान्यरूप करू नये : फोंताइन्यासचा रस्ता, फोंताइन्यासला जाणे, फोंताइन्यासमध्ये राहणे. शब्द मुळात अनेकवचनी असला तरी मराठीत तो वाड्याचे नाव म्हणून आला आहे, तेव्हा क्रियापद एकवचनी, पुल्लिंगी : 'फोंताइन्यास टेकडीखाली वसला आहे.'