मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला आलोय, पहिल्या वर्षाचं काही झेपत नाही. आधी इंग्रजी सुधारू का?

सुधारा की, कुणी अडवलंय. पण त्यानं एम-वन, म्हणजे पहिल्या सत्राचं गणित, सुटणार नाही. हे मी गेली पंधरा वर्षं आमच्या मामाला सांगतोय. तो ऐकत नाही, तुम्ही तरी ऐका.

मी लातूर जिल्ह्यातला. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, अण्णा तिथंच गुरुजी. बारावीला गणितात 94. 2009 ला पुण्यात एफईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, आलो. तेव्हा परीक्षेचा 2008 चा पॅटर्न होता, 100 चा पेपर, पासिंगला 40. मला एम-वनमध्ये पडले 23. मेकॅनिक्स निघालं, ग्राफिक्स निघालं आणि केटी बसली, म्हणजे विषय राहिला, तो गणितात, जिथं इंग्रजी सगळ्यात कमी!

उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली आणि धुळवडीला घरी घेऊन गेलो. मामा आलेलाच होता. "दाजी, मी तेव्हाच म्हणलो होतो, पोराला इंग्लिश मिडियमला घाला." अण्णा काही बोलले नाहीत. चष्मा लावला, बाजेवर एका बाजूला प्रश्नपत्रिका ठेवली, एका बाजूला माझं उत्तर आणि चौथीच्या वह्या तपासतात तसं आकड्यावर बोट ठेवत निघाले. मॅट्रिक्सचा, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या आकड्यांचा, रँक काढायचा होता. दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या आकड्यावर बोट थांबलं.

"इथं चार हाय. तू तीन का लिहिलास?"

कारण पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणात तीन होता. पहिली ओळ ओळखीची दिसली आणि पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, पाठ केलेलं अख्खं गणित मी उतरवून मोकळा झालो. दोन पानं, सुवाच्य अक्षर, उत्तराभोवती चौकट. तीन असला की शेवटची ओळ शून्य होते, उरतात दोन, म्हणून रँक येतो 2. चार असला की होत नाही, रँक 3. समासात लाल शून्य. रँक म्हणजे काय हे अण्णांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

मामा म्हणाला, "तेच म्हणतो मी, प्रश्न इंग्लिशमध्ये होता ना!"

अहो, 'फाइंड द रँक' यात कुठलं इंग्रजी अडलं? आणि अकरावी-बारावी सायन्स आपण सगळे इंग्रजीतच करून येतो.

बिघडतं ते दुसरीकडंच. बारावीला कोणतं गणित कधी सोडवायचं हे क्लासवाले ठरवत, आठवड्याला टेस्ट असे. तेच ते गणित दहादा केलं की पेपरातही तेच येई. इथं कुणी विचारत नाही. सबमिशन तर काय, हॉस्टेलवर दोन बादल्यांवर काच, खाली ट्यूब, काचेवर दुसऱ्याची ड्रॉइंगची शीट, तिच्यावर आपली कोरी. याला जीटी, ग्लास ट्रेसिंग, म्हणतात हे तुम्हाला सांगायला नकोच. एम-वनचे ट्युटोरियलही मी तसेच छापले, फक्त काच लागली नाही.

केटीच्या वेळी एका सिनियरनं पकडून बसवलं. तो सोल्यूशन दाखवायचाच नाही. म्हणायचा, "यात काय मागितलंय ते आधी मराठीत सांग." लेबनिट्झ, ऑयलर, लाग्रांज, ज्याच्या नावाचं गणित असेल त्याला प्रत्येक वेळी हेच. मग एक आकडा बदलून द्यायचा. पहिले पंधरा दिवस नुसती चिडचिड झाली. तुम्हीही हेच करा, आणि पीएलची वाट बघू नका. केटी सुटली, 58 नी.

आता हेही सांगायला हवं की ओरलला, तोंडी परीक्षेला, इंग्रजी लागतं. एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, उत्तर येत असूनही मी गप्प बसलोय, मार्क गेलेत. प्लेसमेंटला तर लागतंच. पॅटर्न तेव्हापासून बदललेत, त्यामुळं एफईचे विषय कधीपर्यंत सोडवावे लागतात ते तुमच्या कॉलेजात विचारा. आमच्या वेळी सगळे सुटल्याशिवाय टीईला, तिसऱ्या वर्षाला, घेत नसत. 2021 पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, मराठीतून इंजिनिअरिंगला परवानगी दिलीय, चांगलंच आहे, पण रँक पाठ करणारा तो मराठीतही पाठच करील.

मामाचा थोरला पहिलीपासून इंग्लिश मिडियमला. त्याला एम-टूला केटी लागली. मामा म्हणाला, त्या वर्षी पेपर फार कडक तपासले. फोटोकॉपी काही मागवली नाही.