होस्टिंग बंद केलं, तरी कार्डातून पैसे गेले

प्रश्न : राजेंद्रनगरात माझं मसाल्यांचं दुकान आहे. दुकानाची वेबसाइट नको झाली म्हणून मार्चमध्ये होस्टिंग रद्द केलं, तसा ईमेलही आला. तरी जूनमध्ये क्रेडिट कार्डातून ३,५४० रुपये कापले गेले, ओटीपीसुद्धा आला नाही. कंपनी म्हणते, नूतनीकरण झालं, परतावा मिळणार नाही. काय करावं?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : कंपनीचा नकार शेवटचा समजू नका. आधी जूनचं इन्व्हॉइस उघडा. ३,००० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ३,५४०, पण ते कशाचे हे महत्त्वाचं. होस्टिंग (साइटसाठी सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा) आणि डोमेन (साइटचा पत्ता) यांची नोंद वेगळी असते. होस्टिंग रद्द केलं तरी डोमेनचं ऑटो-रिन्यू चालूच राहतं, आणि बहुतेक जण इथेच अडकतात. पैसे डोमेनचे असतील तर तुमची बाजू लंगडी आहे. तरीही लगेच मागणी करा : .कॉम डोमेन आपोआप रिन्यू झाल्यावर ४५ दिवसांच्या आत रजिस्ट्रारने (डोमेन विकणाऱ्या कंपनीने) ते डिलीट केलं, तर रजिस्ट्रीकडून (सगळ्या .कॉम नावांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून) त्याला फी परत मिळते. ती तुम्हाला द्यायची की नाही, हे कंपनीच्या अटींवर.

पैसे होस्टिंगचे असतील तर मार्चचा ईमेल नीट वाचा. रद्द करण्याच्या फॉर्मवर बहुधा दोन पर्याय असतात : 'लगेच' आणि 'मुदत संपल्यावर'. दुसरा निवडला तर खातं मुदतीपर्यंत चालू दिसतं, पण पुढचं बिल लागू नये. लागतं, कारण अनेक कंपन्यांची यंत्रणा मुदतीच्या सुमारे १४ दिवस आधीच इन्व्हॉइस काढते. ते कोणी रद्द केलं नाही, तर साठवलेल्या कार्डातून वसूल होतं. चॅटवर वाद घालू नका, तिकीट (कंपनीच्या साइटवरची लेखी तक्रार) टाका. त्यात रद्द केल्याची तारीख, त्या ईमेलची प्रत आणि इन्व्हॉइस क्रमांक देऊन परतावा मागा. दुकानाचा जीएसटी नंबर बिलावर असेल तर क्रेडिट नोटही (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) मागा.

नकार आला तर बँकेत डिस्प्यूट करा, म्हणजे या वसुलीवर हरकत नोंदवा. 'अनधिकृत व्यवहार' मात्र लिहू नका. कार्ड तुम्हीच दिलं होतं, म्हणून तक्रार फेटाळली जाते. 'रद्द केलेल्या सेवेची वसुली' असं सांगा. व्हिसा कार्डांच्या नियमांत यासाठी १३.२ हा वेगळा कोड आहे आणि मुदत साधारण १२० दिवसांची. बँका त्याहून कमी वेळ देऊ शकतात, तेव्हा या आठवड्यातच जा. त्याआधी एक काम : डोमेन त्याच कंपनीकडे असेल आणि हवं असेल, तर ट्रान्सफर कोड घेऊन दुसरीकडे हलवा. डिस्प्यूट होताच काही कंपन्या पूर्ण खातं गोठवतात.

ओटीपी न येण्याचं कारण ई-मँडेट, म्हणजे कार्डातून वेळोवेळी पैसे कापायला आधीच दिलेली परवानगी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एकदा परवानगी दिली की १५,००० रुपयांपर्यंतची वसुली ओटीपीविना होते. पण किमान २४ तास आधी बँकेचा संदेश यायलाच हवा आणि त्यात नकार देण्याची सोय हवी. जूनचे एसएमएस आणि मेल शोधा. संदेश आलाच नसेल तर तो मुद्दा तक्रारीत घाला. मँडेट नेट बँकिंगमधून रद्द करा. यूपीआय ऑटोपे असेल तर ॲपमधून. घाईने कार्ड ब्लॉक केलं तर विमा आणि वीजबिलाचे हप्तेही अडकतील.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. कंपनीविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर इंदूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

प्रश्न : होस्टिंग रद्द करण्याआधी काय जपून ठेवावं?
— एक वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर : सीपॅनेलमधून (होस्टिंग सांभाळायच्या पानावरून) फाइल्स आणि डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप संगणकावर उतरवा. नुसत्या फाइल्सनी वर्डप्रेसची साइट पुन्हा उभी राहत नाही. दुकानाचे मेल त्याच सर्व्हरवर असतील तर तेही जातील : आधी नव्या जागी मेलबॉक्स उघडा, जुने मेल हलवा, डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड (मेल कोणत्या सर्व्हरवर जावेत हे सांगणारी नोंद) बदला, आणि दोन-तीन दिवस नवे मेल येताहेत ना हे पाहून मगच रद्द करा.