आल्प्सच्या मातीत आणि अळंब्यांत सिझियम-१३७ अजून का आढळते?

आपण विचारले आहे की, १९८६ च्या चेर्नोबिल अपघाताला इतकी वर्षे लोटूनही आल्प्ससारख्या पर्वतांतील माती आणि अळंब्यांमध्ये किरणोत्सार का सापडतो, आणि उंचीबरोबर तो वाढतो का. मातीच्या नमुन्यांतून निघणारे गॅमा किरण मोजणे हे माझे काम असल्याने त्या आधारे लिहितो.

उंचीपेक्षा पाऊस आणि बर्फ यांचा वाटा मोठा आहे. ढग डोंगराला अडून वर चढतात आणि तिथेच बरसतात, त्यामुळे हवेतील किरणोत्सारी कणही तिथेच अधिक उतरतात. शिवाय उरलेल्या बर्फावर पडलेले सिझियम-१३७, म्हणजे त्या अपघातातून हवेत पसरलेले किरणोत्सारी द्रव्य, वितळत्या पाण्याबरोबर वाहत जाऊन खोलगट जागी साचले, म्हणूनच काही पावलांच्या अंतरावरील दोन नमुन्यांत कित्येक पटींचा फरक निघू शकतो. एखाद्या पर्वताची ‘पातळी’ म्हणून कोणी एकच आकडा दिला, तर मी त्यावर सहसा विसंबत नाही.

जमिनीत नळी ठोकून काढलेली माती दोन-दोन सेंटीमीटरच्या चकत्यांत कापून, वाळवून जर्मेनियम शोधकावर, म्हणजे गॅमा किरणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणावर, ठेवली, की आलेखात ६६२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे एकक) पाशी सिझियमचे शिखर वरच्या चकत्यांत ठळक दिसते आणि खाली विरत जाते. १४६१ पाशी दिसणारे पोटॅशियम-४० या नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्याचे शिखर मात्र खालच्या खनिज थरात सहसा अधिक उंच असते, कारण ते मूळ खडकातूनच आलेले असते. जगभरच्या मातीत त्याची सरासरी किलोमागे सुमारे ४०० बेकेरेल (एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय) आहे. खडक ग्रॅनाइटचा असेल तर युरेनियम आणि थोरियमही बहुधा जास्त भरते, आणि त्याचा अपघाताशी काही संबंध नसतो.

सिझियम-१३७ चा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षे असल्याने त्या वेळच्या साठ्यापैकी निम्म्याहून अधिक आता क्षय पावला आहे. उरलेले सिझियम सखल शेतजमिनीत चिकणमातीच्या कणांच्या कडांत घट्ट अडकून बसते. डोंगरावरची माती बहुतेकदा आम्लधर्मी, कुजलेल्या पालापाचोळ्याने भरलेली आणि पोटॅशियमने गरीब असते. तिथे रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमसारखे वागणारे सिझियम मोकळे राहते, कवकजाल (अळंब्यांचे जमिनीतील धागे) आणि झाडे ते शोषून घेतात आणि पाने गळून पडली की ते पुन्हा त्याच थरात येते. ब्रिटनमधील डोंगराळ कुरणांवरच्या मेंढ्यांवरील शेवटचे निर्बंध २०१२ मध्येच उठले, तेही याच कारणामुळे. शेवाळ आणि दगडफूल यांना खरी मुळे नसतात. ती हवेतून पडणारे कण थेट पकडतात, त्यामुळे त्यांचे आकडे गवताशी ताडून पाहू नयेत.

धोक्याबद्दल म्हणाल, तर जर्मनीत किलोमागे ६०० बेकेरेलपेक्षा अधिक सिझियम असलेले रानडुकराचे मांस विकता येत नाही. ही मर्यादा ताज्या वजनावर आहे. अळंबीत सुमारे नव्वद टक्के पाणी असते, त्यामुळे शोधनिबंधांत कोरड्या वजनावर दिलेला आकडा या मर्यादेशी ताडण्यापूर्वी त्याला साधारण दहाने भागावे लागते.