वडिलांच्या नावावर पक्के घर असताना मला पहिल्या घरासाठी सरकारी व्याज-अनुदान मिळेल का?

आपण लिहिले आहे की बडोद्यात दांडिया बाजारात वडिलांच्या नावाचे जुने पक्के घर आहे, आपण पत्नी व मुलीसह त्याच घरात राहता, स्वतःच्या नावावर काहीही नाही, आणि आता वाघोडिया रोडकडे फ्लॅट घेताना प्रधानमंत्री आवास योजनेतील व्याज-अनुदानाला वडिलांचे घर आड येईल का, अशी शंका आपल्याला आहे. वडिलांचे घर आड येत नाही. योजनेच्या भाषेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले; आई-वडील त्यात धरलेले नाहीत, भाऊ-भावजय तर नाहीतच. भारतात कोठेही पक्के घर नसावे ही अट आहे ती एवढ्याच कुटुंबासाठी. उत्तर येथे संपवता आले असते, परंतु 'कुटुंब' या एका शब्दापायी आमच्या घरात जे झाले ते पाहता आपल्याला नुसते 'मिळेल' म्हणून मोकळे होणे मला जमणार नाही.

मी २०१८ साली अर्ज केला. तेव्हा योजनेचे पहिले पर्व चालू होते आणि वार्षिक उत्पन्न ६ लाखांच्या आत असलेल्यांना पहिल्या ६ लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्क्यांचे अनुदान मिळत असे; २० वर्षांच्या मुदतीचा हिशेब आजच्या मूल्यात करून ती रक्कम एकदम कर्जखात्यात जमा होई आणि ती जास्तीत जास्त २,६७,२८० रुपये होती. माझा पगार आणि पत्नीच्या शिकवण्या मिळून आम्ही ६ लाखांच्या जेमतेम आत बसत होतो. फ्लॅट साडेएकोणीस लाखांचा, कर्ज १५ लाखांचे.

बँकेतील ज्या कर्मचाऱ्याने अर्ज भरला, त्याने समोर रेशनकार्ड ठेवून कुटुंबाच्या रकान्यात त्यावरची सगळी नावे उतरवून काढली: बाबा, आई, दादा, वहिनी, त्यांची दोन मुले आणि शेवटी आम्ही तिघे. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते, कारण एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब असेच आपण सगळे समजतो. परंतु अर्जासोबत जे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, ज्याला इकडे सर्वजण सोगंदनामा म्हणतात, त्यात 'माझ्या किंवा माझ्या कुटुंबातील कोणाच्याही नावे पक्के घर नाही' असे वाक्य होते, आणि वर बाबांचे नाव ठेवून खाली ते वाक्य लिहून देणे म्हणजे धडधडीत खोटी शपथ घेणे होते. मी त्याला योजनेतील व्याख्या दाखवली. त्याने खांदे उडवले आणि नवा अर्ज आणण्याऐवजी त्याच कागदावर सहा नावांवर रेघा ओढून माझ्याकडून प्रत्येक रेघेशेजारी सही घेतली.

ती झेरॉक्स घरी आली आणि दादाच्या हाती लागली. माझा थोरला भाऊ मनाने वाईट नाही, परंतु त्याला कागद वाचण्यापेक्षा कागदाचा अर्थ लावण्याची आवड अधिक आहे. "तू स्वतःच्या हाताने बाबांचे नाव कुटुंबातून खोडलेस," हे वाक्य तो त्या दिवशी जेवताना बोलला आणि पुढची अनेक वर्षे निरनिराळ्या निमित्तांनी बोलत राहिला. मी व्याख्येविषयी सांगू लागलो तेव्हा त्याने विचारले की सरकारने सांगितले म्हणून आई-वडील परके होतात का. बाबा रेल्वेच्या प्रतापनगरच्या कचेरीतून निवृत्त झालेले होते आणि आयुष्यभर त्यांनी फॉर्मच हाताळले होते. त्यांनी भिंगातून तो कागद सावकाश वाचला, "मला कोठे सही करावी लागणार नाही ना?" एवढेच विचारले आणि चष्मा घरात ठेवून आले. त्यांना काय वाटले ते मला कधीच कळले नाही, आणि दादाने मात्र त्या गप्प राहण्याचा स्वतःला सोयीचा अर्थ लावला.

दुसरा आक्षेप घर कोणाच्या नावावर घ्यायचे याबद्दल होता. आमच्या उत्पन्न गटात घरावर स्त्रीचे नाव असणे त्या वेळी बंधनकारक होते, म्हणून खरेदीचा दस्तावेज माझ्या आणि पत्नीच्या संयुक्त नावाने झाला. दादाचे म्हणणे असे की अनुदानाच्या लोभाने मी घर सासुरवाडीला बांधून दिले. माझे आजही स्पष्ट मत आहे की ही अट या योजनेतील सर्वांत शहाणी गोष्ट होती, आणि ज्यांना ती खटकते त्यांना सरकारपेक्षा स्वतःच्या बायकोचीच अडचण अधिक वाटत असते. उलट माझी चूक ही झाली की मी तिच्या एकटीच्या नावावर दस्तावेज केला नाही. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का पडते, आणि खरेदीदार केवळ स्त्री असेल तर ती नोंदणी फी माफ होते. माझे नाव सोबत घातल्यामुळे साडेएकोणीस हजार रुपये विनाकारण भरावे लागले. कर्जात मी सहअर्जदार राहिलो असतो तरी चालले असते.

अनुदान सात-आठ महिन्यांनी जमा झाले आणि हप्ता सुमारे २,३०० रुपयांनी उतरला. त्या दिवशी मी पेढे आणले होते. दादाने पेढा घेतला, हेही नमूद करतो.

खरा प्रसंग पुढे आला. २०२० साली बाबा गेले. ते घर त्यांनी १९७४ मध्ये घरमालकाकडून स्वतःच्या पैशांनी घेतले होते आणि मृत्युपत्र केलेले नव्हते, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे आई, आम्ही दोघे भाऊ आणि बहीण असे चार सारखे वारस झालो. तलाठ्याकडून पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, काढून सिटी सर्व्हेत, म्हणजे शहरातील मिळकतींची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत, वारसाईची नोंद करायची ठरली, तेव्हा दादाने कपाटातून तीच झेरॉक्स काढली आणि म्हटले की तू शपथेवर लिहून दिले आहेस की या घरात तुझे काही नाही आणि बाबा तुझ्या कुटुंबात नाहीत, तेव्हा आता हक्क कमी करून दे, म्हणजे आपला वाटा लेखी सोडून दे, प्रॉपर्टी कार्डावर उगीच गर्दी नको. तो ते चिडून बोलला नाही. त्याला ते मनापासून पटलेले होते, आणि भोवती बसलेल्या दोन-तीन नातेवाइकांनाही पटले, याचेच मला अधिक दुःख झाले.

वकिलांनी सांगितले ते आपल्यालाही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो. शपथपत्र त्या तारखेपुरते खरे असावे लागते. २०१८ मध्ये घर बाबांच्या मालकीचे होते, ते हयात होते आणि त्यांच्या स्वकष्टार्जित घरावर माझा कोणताही मालकी हक्क नव्हता. म्हणून मी लिहिलेले अक्षरशः खरे होते. वारसाहक्क उघडतो तो मृत्यूच्या क्षणी, त्यामुळे आधी 'माझे घर नाही' म्हटल्याने नंतर येणारा वाटा सोडला असे होत नाही. स्थावर मिळकतीतील हक्क सोडायचा असेल तर त्यासाठी स्वतंत्र लेख करून तो नोंदणी अधिनियमाप्रमाणे नोंदवावा लागतो. बँकेच्या अर्जावर ओढलेल्या रेघा हे काम करीत नाहीत. मी हक्क कमी करून दिला नाही. बहिणीने दादाच्या नावे दिला, तो तिचा निर्णय होता. कार्डावर आज आई, दादा आणि मी अशी तीन नावे आहेत.

आता आपल्या अर्जाकडे वळतो. जुने अनुदान संपले आहे. आपल्याला लागू होईल ती १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेली योजनेची दुसरी आवृत्ती, आणि कर्जही त्या तारखेनंतर मंजूर होऊन वितरित झालेले हवे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत असावे लागते. बिल्डर जे सुपर बिल्टअप सांगतो ते येथे कामाचे नाही. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी, असा हिशेब असून जास्तीत जास्त १,८०,००० रुपये पाच वार्षिक हप्त्यांत मिळतात. प्रत्येक हप्त्याच्या वेळी कर्ज चालू असावे लागते आणि मुद्दलाचा निम्म्याहून अधिक भाग शिल्लक असावा लागतो, म्हणून बोनस आला की कर्ज फेडून टाकण्याची जी सवय आपल्या माणसांना असते ती पहिली पाच वर्षे आवरावी. पत्नीचे आणि आपले दोघांचेही उत्पन्न धरले जाते. गेल्या २० वर्षांत केंद्र, राज्य किंवा नगरपालिकेच्या कोणत्याही घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. कुटुंबातील सर्वांची आधार कार्डे लागतात. ती देताना आपले, पत्नीचे आणि मुलीचे एवढीच द्यावीत, घरातील सगळ्यांची गठ्ठ्याने देऊ नयेत. अर्ज योजनेच्या संकेतस्थळावर किंवा बँकेमार्फत करता येतो, आणि बँकेतला माणूस रकाने भरत असताना आपण शेजारी बसून प्रत्येक नाव पाहावे.

अनुदानाच्या हिशेबापायी घराची निवड चुकवू नये. हप्ता सुसह्य होत नसेल तर वर्षाचे ३६,००० रुपये ते सुसह्य करणार नाहीत. बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी सहसा त्यात धरत नाही, तेव्हा दहा टक्के आणि वर सुमारे सहा टक्के हाताशी असावेत. बी.यु. परवानगी, म्हणजे पूर्ण झालेली इमारत वापरण्याची परवानगी, मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. बांधकाम चालू असेल तर परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या फ्लॅटवर १ टक्का. बिल्डर दस्तावेजात किंमत कमी दाखवून उरलेले रोख मागत असेल तर उठून यावे. कमी किमतीवर कर्जही कमी मिळते आणि पुढे विकताना कर आपल्यालाच भरावा लागतो.

एक गोष्ट खरे तर सर्वांत आधी लिहायला हवी होती. आपण 'वडिलांच्या नावावर' असे म्हटले आहे, परंतु दांडिया बाजारातील घरे बहुधा आजोबा-पणजोबांची असतात. ते घर वडिलांनी स्वतः घेतलेले असेल तर माझे वर लिहिलेले सगळे आपल्याला लागू पडते. ते वडिलोपार्जित असेल तर मुलाचा जन्मतः हक्क आहे की नाही हा वेगळा आणि गुंतागुंतीचा प्रश्न होतो, आणि तेव्हा सोगंदनाम्यावर सही करण्यापूर्वी वकिलाला मूळ दस्तावेज दाखवावा. त्याचबरोबर सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा काढावा, कारण आजोबा गेल्यावर कोणी हौसेने नातवंडांची नावेही चढवून ठेवलेली असतात आणि ज्याचे नाव असते त्याला पत्ता नसतो. आपले नाव कार्डावर असेल तर बँकेला तसे लेखी कळवून लेखीच उत्तर घ्यावे, आणि ते येईपर्यंत सही करू नये.

मी आज अर्ज करायला गेलो असतो, तर माझ्या कार्डावरील नावामुळे तो सोगंदनामा मला लिहून देता आला नसता. याच मुद्द्यावर दादा मला गणपतीत दरवर्षी टोचतो की बाबा असतानाच अर्ज केलास म्हणून तुझे फावले. ते खरे आहे. हक्क कमी करून देण्याबाबत मात्र माझे उत्तर अजूनही तेच आहे.