पुण्यातून क्लिनिकल सायकॉलॉजीत एमए करून कॅलिफोर्नियात आलं, तर तिथे सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येतं का? लायसन्स कसं मिळतं आणि ते कसं टिकवायचं?

तुम्ही लिहिलं आहे की एमए झालंय, ठाण्यात दोन वर्षं समुपदेशनाचं काम केलंय, आणि लग्नानंतर एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर सनीव्हेलला येताय. मीही पुण्यातूनच एमए करून इथे आले. डॉक्टरेट इथे केली आणि आता बे एरियात लायसन्स्ड सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. त्यामुळे मी फक्त कॅलिफोर्नियाबद्दल लिहिते. दुसऱ्या राज्याचे नियम वेगळे असतात, आणि पहिली समजून घ्यायची गोष्ट तीच आहे.

आपल्याकडे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते, पण ती एकदा झाली की देशभर चालते. इथे लायसन्स राज्य देतं आणि ते त्या राज्यापुरतंच असतं. 1945 साली कनेक्टिकटने पहिला कायदा केला, मग एकेक राज्य आपापला कायदा करत गेलं. कॅलिफोर्नियाचं सायकॉलॉजी बोर्ड सॅक्रामेंटोला आहे. 'सायकॉलॉजिस्ट' या शब्दावरसुद्धा इथे कायद्याचं संरक्षण आहे. लायसन्स नसताना तो शब्द स्वतःच्या नावापुढे लावू नका, इन्स्टाग्रामच्या ओळखीतसुद्धा नाही. लायसन्सशिवाय प्रॅक्टिस करणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. एमएवर इथे सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी डॉक्टरेट लागते, पीएचडी किंवा प्रॅक्टिसवर भर असलेली साय.डी. वाईट वाटेल, मलाही वाटलं होतं. पण थेरपी करायला सायकॉलॉजिस्टच व्हावं लागतं असं नाही, आणि हे आपल्या मुलींना कुणी वेळेवर सांगत नाही. आपल्या विषयाच्या मास्टर्सवर मिळणारी दोन लायसन्स आहेत, एलएमएफटी (विवाह आणि कुटुंब थेरपिस्ट) आणि एलपीसीसी (व्यावसायिक क्लिनिकल समुपदेशक). ती बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस हे वेगळंच बोर्ड देतं. कुटुंबं, जोडपी, चिंता, नैराश्य, शोक हे सगळं काम ही मंडळी रोज करतात. डॉक्टरेटची खरी गरज मानसशास्त्रीय चाचण्या आणि निदानाच्या सखोल कामाला, संशोधनाला, किंवा विद्यापीठात शिकवायला लागते. तेव्हा परीक्षेची पुस्तकं विकत घेण्याआधी स्वतःला विचारा की पुढची वीस वर्षं तुम्हाला खोलीत बसून नेमकं काय करायचंय. मी चाचण्यांच्या ओढीने डॉक्टरेटकडे गेले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण माझ्या बरोबरीच्या दोघींना फक्त थेरपी करायची होती. त्यांची पाच-सहा वर्षं आणि भलीमोठी फी वाचली असती.

मास्टर्सच्या वाटेने गेलात तर पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागेल. इथे साठ सेमिस्टर युनिट्सचा अभ्यासक्रम अपेक्षित असतो. आपलं दोन वर्षांचं एमए बहुतेक वेळा त्यात कमी पडतं, विशेषतः कॅलिफोर्नियाचा कायदा, व्यसनमुक्ती, बाल-अत्याचाराची तक्रार अशा विषयांत. काहींना थोडे कोर्स करून भागतं, अनेकींना नव्याने मास्टर्सच करावं लागतं. त्यानंतर 'असोसिएट' म्हणून नोंदणी, मग देखरेखीखाली 3000 तास आणि किमान 104 आठवडे, आणि दोन परीक्षा. यातली कायदा-नीतिमत्तेची परीक्षा नोंदणीच्या पहिल्याच वर्षात द्यायची असते. असोसिएटना पगार मिळू शकतो, पण त्यासाठी कामाची परवानगी हवी. एच-४ वर ती आपोआप मिळत नाही. जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर असेल तर एच-४ ईएडीसाठी, म्हणजे कामाच्या परवान्यासाठी, अर्ज करता येतो. हा मुद्दा विमानात बसायच्या आधी घरात बोलून घ्या.

डॉक्टरेटच्या वाटेलाही तासांचा हिशोब 3000 चाच आहे. त्यातले किमान 1500 पदवी मिळाल्यानंतरचे असावे लागतात, आणि प्रत्येक 1500 तासांचा टप्पा सलग तीस महिन्यांत पूर्ण व्हावा लागतो. आठवड्याला चाळीस तास धरले तर नंतरचे 1500 साधारण अडतीस आठवड्यांत होतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्यांना पदवीनंतर कामासाठी मिळणाऱ्या बारा महिन्यांच्या परवानगीत, ओपीटीत, ते बसतात, पण त्यात फारशी मोकळीक उरत नाही. जितके तास काम कराल, त्याच्या दहा टक्के तास सुपरव्हिजन हवं. त्यात दर आठवड्याला किमान एक तास सुपरव्हायझरसोबत थेट, एकास एक.

इथे माझा एक कडू अनुभव सांगते. एका क्लिनिकमध्ये मी पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरचे तास, करत असताना माझ्या सुपरव्हायझर अचानक नोकरी सोडून गेल्या. माझ्या तासांच्या पडताळणीवर त्यांची सही राहिली होती. क्लिनिकने हात वर केले. ती सही मिळवायला मला सात महिने लागले, आणि तोवर अर्ज पुढे सरकला नाही. काम मी केलं होतं, रुग्णांनाही उपयोग झाला होता, पण बोर्डाच्या दृष्टीने कागद नाही म्हणजे काम झालंच नाही. म्हणून काम सुरू करायच्या आधी सुपरव्हिजनचा करार लिहून दोघांच्या सह्या घ्या. दर आठवड्याला तास लिहून ठेवा, आणि सुपरव्हायझर बदलले की त्याच आठवड्यात आधीच्यांकडून पडताळणी मागा. संकोच करू नका. आपल्याला मोठ्यांकडे सही मागायला अवघडल्यासारखं होतं, पण तुमच्या कामाची नोंद मागणं हा तुमचा हक्क आहे.

डॉक्टरेटनंतरच्या दोन परीक्षांपैकी ईपीपीपी ही सगळ्या राज्यांना सामायिक आहे. 225 प्रश्न, सव्वाचार तास. त्यातले 175 प्रश्नच गुणांसाठी धरतात, पण ते कोणते हे कळत नाही. 200 ते 800 च्या मोजपट्टीवर 500 ला पास. आपल्याकडून आलेल्यांची संख्याशास्त्राची तयारी पक्की असते, पण संशोधन पद्धतीला इथे फक्त सात टक्के वजन आहे. नीतिमत्ता, कायदा आणि व्यावसायिक प्रश्नांना सोळा टक्के. मी सुरुवातीचे दोन महिने चुकीच्या धड्यांवर घालवले.

दुसरी परीक्षा कॅलिफोर्नियाच्या कायद्याची आणि नीतिमत्तेची, सीपीएलईई. तिला हलक्यात घेऊ नका. तिच्यामागे खऱ्या माणसांचं दुःख आहे. 1969 मध्ये बर्कलीत शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने थेरपीत असताना तातियाना टॅरासॉफ या तरुणीला मारण्याचा इरादा बोलून दाखवला. थेरपिस्टने कॅम्पस पोलिसांना कळवलं, पोलिसांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडून दिलं, आणि तिला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच काही सांगितलं नाही. पुढे त्याने तिचा खून केला. 1976 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचं संरक्षण करण्याची जबाबदारी थेरपिस्टवरही येते. गोपनीयता कुठे संपते हे आपण अशा खटल्यांतून शिकतो. तसंच मुलांवरच्या अत्याचाराचं. पोक्सोमुळे लैंगिक गुन्ह्याची तक्रार बंधनकारक आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. इथे मारहाण आणि हेळसांडसुद्धा त्यात येते. पुरावा लागत नाही, वाजवी संशय पुरतो. लगेच फोन आणि छत्तीस तासांत लेखी अहवाल द्यावा लागतो. 'घरातली गोष्ट आहे, समजावून सांगू' हा आपला पहिला विचार इथे तुमचं लायसन्स घालवू शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे एखाद्या मुलाला उघड्यावर सोडू शकतो.

तुम्ही विचारलंय की हे सगळं होईपर्यंत ऑनलाइन मराठी क्लायंट घेतले तर चालेल का. क्लायंट कॅलिफोर्नियात बसलेला असेल तर नाही. तुम्ही पुण्यात असा नाहीतर सनीव्हेलला, त्याला 'कोचिंग' म्हणा नाहीतर 'गप्पा', मानसिक आजारावरचं काम असेल तर नाहीच. लायसन्स हवं ते क्लायंट ज्या जागी बसलाय तिथलं. माझा क्लायंट नेवाडात सुट्टीला गेला तर मीसुद्धा ती सेशन पुढे ढकलते. दुसऱ्या राज्यातल्या क्लायंटसोबत ऑनलाइन काम करू देणारा सायपॅक्ट नावाचा करार बऱ्याच राज्यांनी स्वीकारला आहे, पण मी हे लिहितेय तोवर कॅलिफोर्निया त्यात नाही. भारतात बसलेल्या जुन्या क्लायंटशी बोलण्याचा प्रश्न वेगळा आहे. तिथे तुमच्या व्हिसावर पैसे घेता येतात का, हे इमिग्रेशन वकिलालाच विचारा.

लायसन्स टिकवणं त्या मानाने सोपं आहे. दर दोन वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी 36 तासांचं शिक्षण. त्यात चार तास कायदा-नीतिमत्ता आणि चार तास सांस्कृतिक विविधता व सामाजिक न्याय. 2023 पासून नुसती प्रमाणपत्रं गोळा करून भागत नाही. सहकाऱ्यांशी सल्लामसलत, शिकवणं अशा मार्गांनीही तास मिळवायचे असतात. आमचा चार जणींचा गट महिन्यातून एकदा अवघड केसवर बोलतो. माझ्या कामात त्याइतका उपयोग कुठल्याच वेबिनारचा झाला नाही. नोंदी जपून ठेवा. प्रौढ क्लायंटच्या फाइल्स काम संपल्यापासून सात वर्षं, आणि लहान मुलांच्या ते अठरा वर्षांचे झाल्यापासून सात वर्षं.

एवढी वर्षं का घालवायची, हा प्रश्न मीही विचारला होता. ओळख बदलून सांगते. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या एका आजी डॉक्टरांना 'जीव घाबरा होतो' म्हणत राहिल्या. घरच्यांनी त्याचं भाषांतर 'भीती वाटते' असं केलं आणि सगळे कशाची भीती ते शोधत बसले. माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, 'मन लागत नाही, अन्न गोड लागत नाही, पहाटे तीनला जाग येते.' तीन वाक्यांत नैराश्य समोर मांडलं होतं त्यांनी. ते मराठीत ऐकून घेणारी आणि कायद्याने उपचार करू शकणारी माणसं इथे फार थोडी आहेत. तुम्ही यावं असं मला मनापासून वाटतं.

निघायच्या आधी विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टचे दोन-तीन सीलबंद संच घ्या. विभागाचा शिक्का मारलेला प्रत्येक पेपरचा सविस्तर अभ्यासक्रम घ्या, कारण मूल्यमापन करणारे नुसत्या गुणपत्रिकेवर थांबत नाहीत. आणि ठाण्यातल्या तुमच्या वरिष्ठांकडून लेटरहेडवर कामाचे तास, तारखा आणि कामाचं स्वरूप लिहून घ्या. ते तास इथे धरले जातील अशी आशा ठेवू नका, पण प्रवेशाच्या वेळी ते पत्र कामी येतं. लग्नाच्या घाईत हे राहून जातं आणि मग इथून फोन करून मागवताना महिने जातात.